थैलीवरची बाई

खडकवाडीला शाळूची, म्हणजे रब्बीच्या ज्वारीची, पेरणी पोळा झाल्यावर सुरू व्हायची. पेरणीआधी, घरात बी असो वा नसो, एकदा चांगुणाबाईच्या दारात जाऊन यायचं, असा तिथला रिवाज होता. जिंतूरच्या रस्त्यावर एस.टी. जिथं थांबते तिथून हे गाव दोन कोस आत. जमीन काळी, पाऊस सरला तरी ओल धरून ठेवणारी. अशा रानात शाळू चांगला पिकतो. चांगुणाबाईच्या बियाचा सगळ्यात चांगला पिकतो, असं खडकवाडी आणि आसपासची पाच-सात गावं धरून चालत. त्यावर कुणी वाद घालत नसे.

तिची स्वतःची जमीन साडेतीन एकर. नवरा सत्त्याहत्तर साली गेला. मुलगी लग्न होऊन सासरी. बी राखायचं काम तिच्याकडं सासूकडून, नर्मदाबाईकडून, आलं होतं. माघात कणसं भरली की ती उभ्या रानातून फिरे. कमरेला लाल सुताची गुंडी असे. ज्वारीचं ताट उंच, कणीस गच्च, दाणा टपोरा आणि चकचकीत दिसला की त्या ताटाला ती सूत बांधे. पण नुसतं कणीस मोठं म्हणून बांधत नसे. शेजारची ताटं कशी आहेत ते आधी बघे. बांधाजवळ मोकळ्या जागेत एखादं ताट माजलं असेल तर ते सोडून देई. त्यात बियाचं कौतुक नाही, जागेचं आहे, हे नर्मदाबाईनं तिला शिकवलं होतं. गर्दीत राहून, शेजाऱ्याइतकंच खाऊन-पिऊन जे ताट सरस निघालं, ते खरं.

सुताची कणसं वेगळी कापायची. ती खळ्यावर मळायची नाहीत, हातानं चोळायची. दाणे राखेत आणि लिंबाच्या पाल्यात घालून रांजणात भरायचे आणि तोंड शेणानं लिंपायचं. भाद्रपदात रांजण उघडला की शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि चौथ्या दिवशी मोड मोजायचे. तिला विसाच्या पुढं मोजता येत नसे, म्हणून ती पाच विसा करी. एका विशीत दोनपेक्षा जास्त दाणे मुके राहिले तर तो रांजण खायला काढी.

बी न्यायला येणारा सव्वा पायली खायची ज्वारी घेऊन यायचा आणि पायलीभर बी घेऊन जायचा. व्यवहार तिथंच मिटायचा. ती ओंजळीनं त्याच्या उपरण्यात बी घाली आणि दरवेळी एकच वाक्य म्हणे, "उगवलं न्हाई तर माझ्या दारात या."

या कारणानं तिच्या दारात आजवर एकच माणूस आला होता. तो तिचा चुलतदीर चंद्रभान. ती त्याच्याबरोबर रानात गेली, पेरलेली ओळ उकरली, मुंग्यांनी नेलेल्या दाण्यांची रांग त्याला दाखवली आणि म्हणाली, "भावजी, बी उगवायला घातलंत का मुंग्यांची पंगत घातलीत?" गाव वर्षभर हसलं. तरी तिनं त्याला दुसऱ्यांदा बी दिलं.

अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत शेजारच्या गावातली बौद्धवस्ती जळाली. घरांबरोबर कणग्या जळाल्या. त्या वस्तीतला आश्रुबा त्या वर्षी सात घरांचं बी एका पोत्यात घेऊन गेला. चांगुणाबाईला तिच्याच गल्लीतल्या काहींनी त्यावरून टोमणे मारले. तिनं ते ऐकले आणि काम चालू ठेवलं. पुढल्या माघात आश्रुबा सात घरांची सव्वा-सव्वा पायली घेऊन आला. ती नको म्हणाली, तर तो म्हणाला, "अक्का, फुकटचं बी आमच्या रानात उगवत न्हाई." तेव्हापासून तो दरसाल येत होता.

पंच्याऐंशीच्या माघात व्यंकटराव तिच्या दारात मोटारसायकल लावून उतरले.

व्यंकटराव एका बियाणं कंपनीचे विक्री प्रतिनिधी होते. परभणीला बी.कॉम. झालेले, अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. माणूस वाईट नव्हता. त्यांच्यापुढं अडचण अशी होती की कंपनीनं रब्बीसाठी नवीन हायब्रीड ज्वारी काढली होती, ती दीडपट पिकत होती आणि या पट्ट्यात ती कुणी घेत नव्हतं. खरिपाचं हायब्रीड लोक घ्यायचे, दरवर्षी दुकानातून नवीन आणायचे, त्यात त्यांना काही वाटत नव्हतं. पण खायची ज्वारी म्हणजे शाळू. हायब्रीडची भाकर कागदासारखी लागते, असं बाया म्हणायच्या. कंपनीनं पहिल्या वर्षी थैलीवर विमानाचं चित्र छापलं. मानवतच्या दुकानात त्या थैल्या उन्हाळ्यापर्यंत पडून राहिल्या.

व्यंकटराव गावोगाव फिरले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मग तुम्ही शाळूचं बी घेता कुणाकडून?" सात गावांत त्यांना एकच नाव ऐकू आलं. त्यांच्या ध्यानात आलं की आपली स्पर्धा दुसऱ्या कंपनीशी नाही, एका रांजणाशी आहे. दुसरा एखादा असता तर त्यानं थैलीचा भाव उतरवला असता. व्यंकटराव कॉलेजात शिकले होते की गिऱ्हाईक माल नंतर घेतो, भरवसा आधी घेतो. ते भरवशाच्या दारात आले.

"मावशी, बी देताना तुम्ही लोकांना काय सांगता?"

"काय सांगायचं? उगवलं न्हाई तर माझ्या दारात या म्हणते."

व्यंकटरावांनी ते वाक्य डायरीत लिहून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं बी लांबवर गेलं पाहिजे, मावशी."

"लांब म्हंजी कुटं?"

"सेलू, पाथरी, गंगाखेड. सगळ्या जिल्ह्यात."

"एवढं बी हाय का माज्याकडं? तीन रांजण तर हायेत."

"ते कंपनी बघेल. आम्ही तुमचं बी नेऊ, तपासू, वाढवू. तुमचा फक्त एक फोटो लागेल."

दारात बसलेला चंद्रभान म्हणाला, "वैनी, फोटोत हसू नको बरं का. बी घेतलेलं लोक परत करतेल."

व्यंकटरावांनी तिच्याकडून एक पोतं बी रोख पैसे देऊन नेलं. त्या पोत्याचं कंपनीत पुढं काय झालं, हे त्यांनाही कधी कळलं नाही. आठ दिवसांनी परभणीहून फोटोवाला आला. चांगुणाबाई विटक्या जांभळ्या लुगड्यात खळ्यावर बसली, मांडीवर स्वतःच्या रानातली कणसं घेतली. फोटो झाला. एका कागदावर अंगठा झाला. व्यंकटरावांनी चहा घेतला आणि कपबशी स्वतः विसळून ठेवली. हे तिच्या पुष्कळ दिवस लक्षात राहिलं.

भाद्रपदात थैल्या आल्या. चंद्रभाननं मानवतहून दोन आणल्या आणि भर पारावर ठेवल्या. पांढरी कापडी थैली, वर ठळक अक्षरांत 'चांगुणा शाळू'. खाली ती स्वतः, मांडीवर कणसं घेतलेली. त्याखाली तिचं वाक्य, 'उगवलं नाही तर माझ्या दारात या!' हायब्रीड हा शब्द पुढच्या बाजूला कुठंच नव्हता.

लुगडं हिरवंगार झालं होतं. आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं.

नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. चांगुणाबाईनं त्या कुंकवावरून बोट फिरवलं. ते छापलेलं होतं, बोटाला लागलं नाही. भोवतालच्या बाया तिच्या मोकळ्या कपाळाकडं बघायला लागल्या. ती म्हणाली, "बरं काढलंय."

आश्रुबा पारापाशी उभा होता. तो नुकताच औरंगाबादच्या नामांतराच्या मोर्चाहून आला होता. त्यानं थैली हातात घेऊन पुढचं सगळं मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, "काय अक्का! आमी एका नावासाठी सात वरसं झाली लाठ्या खायलोत. अन् तुजं नाव बघ, न मागता छापून आलं."

सगळे हसले. तीही थोडी हसली.

मग चंद्रभाननं थैलीचा टाका उसवला आणि मूठभर बी तिच्यापुढं धरलं. दाणे गुलाबी होते, औषध लावलेले. "वैनी, हे तुजंच का?"

हा प्रश्न त्यानं थट्टेत विचारला नव्हता. त्याची सात एकराची पेरणी त्यावर होती. पारावर पंधरा-वीस माणसं होती, ती सगळी तिच्या तोंडाकडं बघत होती. चांगुणाबाईनं दाणा बोटात धरला. एरवी ती अंधारातही बोटानं ओळखायची. पण रंगाचा थर दाट होता, खालचा दाणा दिसत नव्हता, बोटाला नुसती पावडर लागत होती. तिला आठवलं की व्यंकटरावांनी पोतं नेलं होतं. चित्रातली कणसं तर तिचीच होती, मांडीवर दिसत होती.

"माजंच हाय," ती म्हणाली. "वरून औषध लावलंय."

त्या वर्षी तिच्या दारात तिघंच आले. बाकीच्यांनी थैली घेतली. चांगुणाबाईचंच बी घ्यायचं, तर तिच्या दारातून घेतलं काय आणि दुकानातून घेतलं काय, सारखंच होतं. शिवाय थैलीतलं तपासलेलं, औषध लावलेलं, आणि त्यावर बाईचं तोंड. आश्रुबानंही थैलीच घेतली. तिला वाईट वाटलं का? तिनं त्याचा विचार केला आणि तिला नीट सांगता आलं नाही. तिनं आपल्या साडेतीन एकरात आपल्या रांजणातलं पेरलं, कारण ते घरात होतं. उरलेले दोन रांजण तिनं खायला काढले.

छप्पन्न-सत्तावन्न दिवसांतच फरक दिसायला लागला. थैलीचा शाळू बुटका होता, पण कणीस मोठं. माघात खळी भरली. चंद्रभानला कधी झाली नव्हती एवढी ज्वारी झाली. कडबा आखूड निघाला, बैलांनी तो खाताना मान फिरवली, भाकरीलाही ती चव नव्हती. पण पोती भरलेली असताना माणूस बैलाचं तोंड बघत नाही. चंद्रभानची बायको सुलाबाई तर म्हणाली, "जाऊबाई, तुमच्या हाताला औषध लागलं अन् लई गुण आला बघा."

आणि मग सगळ्यांनी तेच केलं, जे चांगुणाबाईच्या बियाचं ते दरसाल करायचे. खळ्यावर मळणी घालण्याआधी चांगली कणसं वेगळी काढली, चोळली, राखेत घालून गाडग्यात भरून ठेवली. हायब्रीड दरवर्षी विकत आणायचं असतं, त्याचं घरी बी धरायचं नसतं, हे खडकवाडीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. पण हे हायब्रीड नव्हतं. हे चांगुणाबाईचं होतं. तिनं स्वतः पारावर सांगितलं होतं.

शहाऐंशीच्या भाद्रपदात त्या गाडग्यांतलं बी पेरलं गेलं. उगवलं. उगवलं म्हणून कुणी काही बोललं नाही.

पौषात कणसं बाहेर पडली तेव्हा रान बघवेना. एक ताट छातीएवढं, तर शेजारचं गुडघ्याएवढं. एक कणीस भरलेलं, एक पोकळ, एक अजून पानाच्या पोटरीतच. काही कणसांत दाणा धरलाच नव्हता, नुसती फोलपटं. चाळीस घरांची रानं अशीच. मधोमध चांगुणाबाईचे साडेतीन एकर एका उंचीचे, सरळ, वाऱ्यावर एकदम हलणारे उभे होते. त्यानं जास्तच वाईट झालं.

पहिल्यांदा चंद्रभान आला. त्याच्या हातात चार पोकळ कणसं होती. ती त्यानं उंबऱ्यापाशी ठेवली.

"वैनी, या टायमाला मुंग्या न्हाईत," एवढंच तो म्हणाला आणि गेला.

त्यानंतर रोज कुणीतरी येऊन कणसं ठेवून जाई. भांडायला कुणी आलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर तिला उत्तर देता आलं असतं. लोक येत, कणीस ठेवत, तिच्याकडं बघत आणि जात. उंबऱ्यापाशी ढीग झाला. चांगुणाबाई तो ओलांडून पाणी आणायला जाई, ओलांडून परत येई. भाकरी करी, खाई. आपल्याला रडू येईल असं तिला दोन-तीनदा वाटलं, पण ते आलं नाही. आपण बाई आहोत की थैलीवरचा छाप, असं तिच्या मनात एकदा येऊन गेलं. त्यावरही तिला काही वाटलं नाही.

आठव्या दिवशी सेलूकडचा एक माणूस फाट्यापासून चालत आला. सिताराम त्याचं नाव. बरोबर बायको, कडूबाई. कडूबाईच्या हातात घडी घातलेली थैली होती. ती थैली तिनं उलगडली, चांगुणाबाईच्या शेजारी धरली आणि एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं.

"कुंकू न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली. "पन ह्याच हायेत."

सितारामनं हात जोडले. "बाई, भांडायला आलो न्हाई. लिवलंय म्हून आलो. माज्या दारात या म्हून लिवलंय."

चांगुणाबाईनं दोघांना पाणी दिलं, भाकरी दिली. त्यांचं तीन एकर तसंच गेलं होतं. कडूबाई जेवताना म्हणाली, "आमच्या गावचे आनखी सहा जन येनार हायेत. आमी दोघं आदी रस्ता बघून घ्यायला आलो. आता काय करायचं, बाई?"

"चार दिवसांनी या," चांगुणाबाई म्हणाली. "सगळ्यांनी या."

दुसऱ्या दिवशी ती मानवतला गेली. बन्सीधर शेठचं दुकान मोंढ्याच्या, धान्यबाजाराच्या, तोंडाशी होतं. दारावरच पाटीएवढं तिचं चित्र लावलं होतं, हिरव्या लुगड्यातलं. त्या चित्राखालून ती आत शिरली. शेठनं आधी गिऱ्हाईक म्हणून बघितलं, मग चित्राकडं, मग पुन्हा तिच्याकडं.

"अरे, थैलीवरच्या बाई आल्या! बसा, बसा. चहा सांगा रे."

"एक थैली फोडा, शेठ."

"फोडली की घ्यावी लागेल."

"घेते."

शेठनं थैली फोडली. तिनं मूठभर दाणे घेतले, माठातलं पाणी त्यावर ओतलं आणि पदरानं चोळायला लागली. "अहो बाई, विष आहे त्याला!" शेठ ओरडला. तिनं हात थांबवला नाही. गुलाबी पाणी मनगटावरून खाली गेलं. मग तिनं तळहात उजेडात धरला. दाणा बारीक होता, गोल, पांढराफट, बुडाशी चपटा. तिच्या शाळूच्या दाण्याला पिवळसर झाक असते आणि एका बाजूला नखानं दाबल्यासारखी खळी असते. हे धुऊन बघणं दीड वर्षापूर्वी पारावरच करायला हवं होतं. तिथं तर आडही जवळ होता.

"हे माजं न्हाई," ती म्हणाली.

शेठनं पाणी तिच्यापुढं केलं. "हात धुवा आधी. बाई, रागावू नका, एक सांगू? तुमचं बी या थैलीत कसं असेल? तुमचं एकदा नेलं की माणूस घरीच धरतो. पुढल्या साली पुन्हा दुकानात येईल कशाला? दुकान कशावर चालायचं, कंपनी कशावर चालायची? दरसाल आला पाहिजे, तर धंदा. लिहिलंय की मागं."

"काय लिवलंय?"

शेठनं थैली उलटी केली आणि चष्मा लावला. "'हे संकरित बियाणे आहे. या पिकाचे बी पुन्हा पेरू नये, दरवर्षी नवीन घ्यावे.'"

"अन् पुढच्या अंगाला?"

"पुढं तुमचं बोलणं आहे."

"कोणतं मोठं हाय? पुढचं का मागचं?"

"पुढचंच मोठं असतंय, बाई," शेठ सांगायचं म्हणून सांगत होता, त्यात लबाडी नव्हती. "पुढचं गिऱ्हाइकासाठी, मागचं कायद्यासाठी."

"माजं तोंड काढा त्याच्यावरून."

"ते माझ्या हातात नाही. व्यंकटराव बदलून गेले नागपूरकडं. मोठं काम मिळालं म्हणे त्यांना या थैलीवर. तुमचा अंगठा आहे ना कागदावर?"

"हाय."

"मग झालं तर." शेठनं चष्मा काढला. "विमानाची थैली कुणी घेतली नव्हती. तुमची गाडीवरून उतरायच्या आत संपते."

चहा आला होता. तिनं तो घेतला नाही. फोडलेली थैली घेऊन ती एस.टी. स्टँडवर आली. गाडीत तिच्या शेजारी बसलेल्या माणसाच्या पायाशीही धान्यानं भरलेली तशीच एक जुनी थैली होती. त्यानं पाय पसरले तेव्हा ते थैलीवरच्या तिच्या कपाळावर आले. तिनं ते बघितलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तिला त्या माणसाचा राग आला नाही. व्यंकटरावांचाही आला नाही. ती आठवत होती ते एकच: पारावर आपण 'माजंच हाय' म्हणालो. ते कंपनीनं छापलं नव्हतं. ते तिच्या तोंडून निघालं होतं.

ठरल्या दिवशी सकाळी सेलूकडची आठ माणसं आली. गावातले चाळीसेक जण आले. चंद्रभान होता, सुलाबाई होती, वस्तीकडून आश्रुबा आणि आणखी चौघं होते. अंगणात जागा नव्हती म्हणून लोक रस्त्यावर उभे होते. मधे पोकळ कणसांचा ढीग तसाच होता.

चांगुणाबाई उंबऱ्यात उभी राहिली. तिनं मानवतहून आणलेली थैली ढिगावर ठेवली.

"थैलीवरची बाई मी हाय," ती म्हणाली. "बोलणं बी माजं हाय. बी माजं न्हाई. म्या त्या दिवशी न बघता माजं हाय म्हनले. दाना धुवून बघाया पायजे होता, बघितला न्हाई. म्या माजं म्हनले म्हून तुमी घरी धरलं. ते घरी धरायचं बी नव्हतं."

मग मागून एक आवाज आला, "फोटो काढून घेताना बरं वाटलं असंल."

"वाटलं," चांगुणाबाई म्हणाली.

आश्रुबा म्हणाला, "मला तर वाचता येतंय. थैली दोन साल घरात पडली, पन म्या उलटी करून बघितली न्हाई. अक्काचं तोंड बघितलं अन् उचलली. आता कुनाला बोलायचं?"

"ते ऱ्हाऊ द्या," चंद्रभान म्हणाला. "पुढं काय? वैनी, तुज्या रानात उभा हाय तेवढाच शाळू आता ह्या शिवारात. तू सूत बांध, आमी पोळ्याला येतो. पहिल्यासारखं."

सगळ्यांनी माना हलवल्या. ते तिला माफ करायला तयार होते. पहिल्यासारखं, एवढ्या एका शब्दात सगळं मिटत होतं. तिनं हो म्हणावं आणि ते वाक्य पुन्हा म्हणावं, बस. कुणाचीच आडकाठी नव्हती. पण तिनं ते वाक्य मनात म्हणून बघितलं, तर ते तिला थैलीवरच्या अक्षरांत दिसलं, हिरव्या लुगड्याखाली. ते आपलं आहे असं तिला वाटेना.

"मी निवडनार न्हाई," ती म्हणाली.

"म्हंजी? बी देनार न्हाई?"

"बी देते. निवडायचं तुमी. माज्या हातचं आता घ्यायचं न्हाई कुनी. रानात चला."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी कडूबाई पुढं झाली, कारण तिला फाट्यावरची दुपारची गाडी गाठायची होती. मग सगळेच निघाले.

रानाच्या बांधावर चांगुणाबाईनं सुताची गुंडी सोडली आणि वीत-वीत तुकडे करून वाटले. प्रत्येकाला दोन विसा. काय बघायचं ते तिनं एकदाच सांगितलं. दाणा बघा, खोड बघा, शेजारची ताटं बघा, बांधावरचं सोडा. सांगताना तिचा आवाज रोजच्यासारखाच होता, जणू ती दुसऱ्या कुणाच्या रानाबद्दल बोलत होती. इतक्या माणसांच्या पायांनी आपली किती ताटं मोडतील, हे तिला दिसत होतं. ती बांधावर बसून राहिली.

माणसं रानात शिरली आणि गोंधळ सुरू झाला. चाळीस-पन्नास माणसांना आयुष्यात पहिल्यांदा बी निवडायची वेळ आली होती. आजवर ते कुणाच्या तरी भरवशावर पेरत आले होते, आधी तिच्या, मग तिच्या चित्राच्या. सुलाबाई एका ताटापाशी इतका वेळ उभी राहिली की चंद्रभान ओरडला, "अगं सोयरीक न्हाई जुळवायची, सूत बांध!" ती म्हणाली, "तुमच्या सोयरीकीला कुनी एवढं बघितलं असतं, तर मी इथं नसते." रानात पुष्कळ दिवसांनी हसणं ऐकू आलं.

सितारामनं बांधालगतचं एक माजलेलं ताट धरलं. कणीस हातभर होतं. त्यानं सूत गुंडाळायला घेतलं आणि चांगुणाबाईकडं बघितलं. "बाई, हे चालंल ना?"

ते चालणार नव्हतं. तिच्यापासून चार हातांवर होतं. ती बोलायला गेली आणि थांबली.

"तुमाला काय वाटतंय?" तिनं विचारलं.

सितारामनं त्या ताटाकडं पुन्हा बघितलं. खाली वाकून बुंधा बघितला, मग आतल्या ओळीतली ताटं बघितली, मग पुन्हा हे. त्यानं सूत सोडवलं, दोन पावलं आत गेला, परत आला, पुन्हा त्याच ताटाला बांधलं आणि तिच्याकडं न बघता आत निघून गेला.

दुपारपर्यंत रान लाल सुतांनी भरलं. कणसं वाळली की ज्यानं त्यानं येऊन आपल्या सुताची कापून न्यायची, असं ठरलं. काही सुतं बरोबर होती, काही चुकीची. एका ठिकाणी तर दोघांनी एकाच ताटाला बांधून भांडण काढलं होतं आणि आश्रुबा ते मिटवत होता. जाताना सेलूकडची माणसं तिच्यापुढं उभी राहिली. कडूबाईनं पदर सारखा केला. ती त्या वाक्याची वाट बघत होती, हे चांगुणाबाईला कळत होतं. एवढ्या लांबून आलेल्या बाईला ते सांगायला काहीच लागत नव्हतं.

"पोळ्याआधी शंभर दाने गोनपाटात घालून बघा," ती म्हणाली. "तुमच्या घरी. न्हाई उगवले तर पेरू नका."

"अन् मंग?"

"मंग शेजारच्याकडं बघा. त्येचे उगवले असतेल."

कडूबाई फाट्याच्या दिशेनं निघाली. चांगुणाबाई उठली. सूत नसलेली ताटं पुष्कळ होती आणि मोडलेली त्याहून थोडी कमी. तिनं खुरपं घेतलं आणि बांधाच्या कडेपासून मोडलेली ताटं कापायला घेतली.